रुग्णालय ‘उद्योग’ कसं ठरलं: अचानक कामावरून काढलेल्यांच्या हक्कांची पार्श्वभूमी

नागपूरच्या धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी रुग्णालयाने ‘उद्यापासून येऊ नका’ असं तोंडी सांगितलेली परिचारिका आज कामगार कायद्याखाली दाद मागू शकते. हा कायदा फक्त ‘उद्योगां’ना लागू होतो, आणि रुग्णालय उद्योग मानायचं की नाही यावरून हा मार्ग मिळाला, बंद झाला आणि पुन्हा मिळाला. त्यात नागपूरचाही वाटा आहे.

मध्य प्रांत व वऱ्हाडाचा औद्योगिक विवादांसाठी १९४७ चा स्वतःचा कायदा होता. त्याच्या १६ व्या कलमाखाली अधिसूचित उद्योगांतला बडतर्फ कर्मचारी सहा महिन्यांत एकटाच श्रम आयुक्तांकडे अर्ज करू शके. केंद्राच्या औद्योगिक विवाद कायद्यात अशा एकट्याच्या तक्रारीला जागा १९६५ मध्ये, कलम २-अ आल्यावर झाली. याच प्रांतिक कायद्याखालचा नागपूर महापालिकेचा खटला सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९६० मध्ये पालिकेचा आरोग्य विभागही उद्योग ठरला. त्याच वर्षी मुंबईच्या जे. जे. रुग्णालय समूहातल्या वॉर्ड सेविकांच्या खटल्यात सरकारी रुग्णालयही उद्योग ठरलं. १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्याच दिल्लीतल्या सफदरजंग रुग्णालयाच्या निकालाने हे पुसलं. १९७८ मध्ये बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात सात न्यायमूर्तींच्या पीठाने ते पुन्हा लिहिलं: काम पद्धतशीर हवं, मालक-कामगारांच्या सहकार्याने चालावं, त्यातून लोकांच्या गरजेची सेवा मिळावी, नफ्याचा हेतू नसला तरी चालेल. रुग्णालयांना वगळणारी दुरुस्ती संसदेने १९८२ मध्ये मंजूर केली खरी, पण ती कधी लागूच झाली नाही. हजारो परिचारिकांचा हक्क सरकारने न काढलेल्या एका अधिसूचनेमुळे टिकला, असं म्हणायला हरकत नाही.

केंद्राच्याच कायद्यातली १९८४ ची दुरुस्ती मात्र अमलात आली आणि महागात पडली. ठरावीक मुदतीचा करार संपला, तर ती ‘कपात’ (म्हणजे मालकाने कामगार कमी करणं, ज्याची भरपाई द्यावी लागते) धरली जात नाही. अकरा-अकरा महिन्यांच्या नेमणुकांमागचं एक मोठं कारण हेच.

राज्याचा १९७१ चा अनुचित कामगार प्रथांविरुद्धचा कायदा, न्यायालयाच्या आवारात ‘यूएलपी’ म्हणून ओळखला जाणारा, सूड म्हणून किंवा खोट्या कारणाने काढणं ही अनुचित प्रथा मानतो. तक्रार ९० दिवसांत करावी लागते. इथे ठेकेदारामार्फत लागलेले अडकतात: रुग्णालयाने ‘हे आमचे कर्मचारीच नाहीत’ म्हटलं, की सर्वोच्च न्यायालयाच्या २००१ च्या सिप्ला कंपनीच्या खटल्यातल्या निकालानुसार ते नातं आधी दुसऱ्या मार्गाने सिद्ध करावं लागतं.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या जुन्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली. तिने पूर्णतः किंवा मुख्यत्वे धर्मादाय काम करणाऱ्या संस्था वगळल्या आहेत. पुढचे वाद इथेच होतील असं दिसतं. न्यासाची नोंदणी दाखवली म्हणून सूट आपोआप मिळू नये. समेट अधिकाऱ्याकडे (दोन्ही बाजूंत तडजोड घडवणारा सरकारी अधिकारी) अर्ज दिल्यावर ४५ दिवसांनी थेट न्यायाधिकरणात जाता येतं, पण काढल्यापासून दोन वर्षांच्या आत. जुनी मुदत तीन वर्षं होती, आणि जुन्या माहितीवर विसंबणारे इथेच फसतील.

कपातीचा हिशेब तोच राहिला. वर्षभरात २४० दिवस भरले असतील, तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार, शिवाय प्रत्येक वर्षामागे १५ दिवसांचा सरासरी पगार. १८,००० पगार आणि चार वर्षं सेवा असेल तर साधारण ३६,००० भरपाई, नोटिशीचे १८,००० वेगळे. २४० दिवसांत पगारी साप्ताहिक सुट्ट्याही मोजतात. पुरावा म्हणून ड्यूटी चार्ट, बँकेचं स्टेटमेंट आणि पीएफ पासबुक चालतं.

‘इन्चार्ज सिस्टर’ हे पद असल्याने कामगारपण जात नाही. काम खरोखर देखरेखीचं आणि पगार १८,००० च्या वर असेल तर मात्र जातं. डॉक्टरांना ‘कामगार’ ठरणं अवघड जातं. मेडिकल किंवा मेयो या नागपूरच्या सरकारी रुग्णालयांतल्या कायम सरकारी कर्मचाऱ्यांचा रस्ता वेगळा, प्रशासकीय न्यायाधिकरणाच्या नागपूर खंडपीठाकडे.

सगळ्यात जास्त प्रकरणं बिघडतात ती सहीमुळे. ‘राजीनामा लिहून द्या, अनुभवाचं प्रमाणपत्र देतो’ असं म्हटलं जातं, आणि सही झाली की ती कपात होती हे सिद्ध करणं अवघड जातं. वास्तविक काढलं काय किंवा राजीनामा दिला काय, राहिलेला पगार वेतन संहितेनुसार दोन कामकाजाच्या दिवसांत द्यावाच लागतो. त्यासाठी राजीनाम्याची अट घालता येत नाही.