सांगली: गावातली पुस्तकं, विश्रामबागेतली कॉफी

सांगलीत पुस्तकांसाठी हरभट रोड, राजवाडा चौकाकडे जायचं आणि निवांत कॉफीसाठी विश्रामबागेकडे यायचं, अशी साधारण विभागणी आहे. मध्ये तीन-चार किलोमीटरचं अंतर. पुस्तक घेतलं आणि शेजारच्याच टेबलावर उघडलं, असं इथे क्वचितच जमतं. शहर वसलं कसं आणि सरकलं कुठे, हे पाहिलं की त्याचं कारण कळतं.

१८०१ च्या सुमारास चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन मिरजेतून वेगळे झाले आणि सांगली संस्थान उभं राहिलं. गणेशदुर्ग किल्ला, गणपती मंदिर, पेठा असं सगळं कृष्णेला धरून वसलं. ज्यांच्या नावाचा हरभट रोड, ते हरभट म्हणजे याच घराण्याचे मूळपुरुष. १८६९ मध्ये सुरू झालेलं नगर वाचनालयही राजवाडा चौकातच. वाचनालय, शाळा, कचेरी आणि बाजार जिथे, तिथेच पुस्तकांचा धंदा.

हा धंदा मात्र कथा-कादंबऱ्यांवर कधीच चालला नाही. शालेय पुस्तकं, गाईड आणि वह्यांवर चालला. १९६७ मध्ये बालभारती स्थापन झाली आणि त्याच वर्षी सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला. पहिल्यामुळे जूनची गर्दी पक्की झाली, दुसऱ्यामुळे गावोगावच्या वाचनालयांना अनुदान मिळू लागलं आणि मार्चअखेरीची घाऊक खरेदी सुरू झाली. म्हणून चाळायला जायचं तर जून-जुलै टाळावा. तेव्हा काउंटरवर याद्या घेतलेले पालक असतात, ललित पुस्तकं मागे ढकललेली असतात. दिवाळीच्या आसपास दुकान वेगळंच दिसतं: दिवाळी अंक दोरीला लटकतात, दुकानदाराला बोलायला वेळ असतो. नाटकांची पुस्तकं आवर्जून विचारावीत. १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ इथेच केलं आणि त्याची आठवण म्हणून ५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. संहिता मागणारं गिऱ्हाईक सांगलीत नवलाचं नाही.

आता नदीकडे येऊ. कृष्णेवरच्या १९२९ च्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी फुटांत मोजतात. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. २००५ मध्ये पाणी ५४ फुटांच्या आत-बाहेर होतं, ऑगस्ट २०१९ मध्ये साडेसत्तावन्नच्या आसपास, जुलै २०२१ मध्ये पुन्हा ५५ च्या जवळ. २०१९ ला मारुती चौक, हरभट रोड, गणपती पेठ पाण्यात होते आणि नगर वाचनालयातली जुनी, पुन्हा न मिळणारी पुस्तकंही भिजली. ते वाचनालयाचं दीडशेवं वर्ष होतं.

धान्याचं पोतं उचलून माडीवर नेता येतं. पुस्तकांचं वजन तेवढंच, पण नग हजारो. शिवाय शाळांच्या हंगामामुळे गोदाम भरलेलं असतं नेमकं जुलै-ऑगस्टला. भिजलेला कागद फुगतो. घट्ट रचलेल्या कपाटात फुगायला जागा नसली की पुठ्ठे निसटतात, कधी फळीच वाकते. दोन-तीन दिवसांत बुरशी धरते. सर्वांत वाईट गत गुळगुळीत आर्ट पेपरची: ओला असताना पानं एकमेकांपासून सोडवता येतात, वाळला की अख्खं पुस्तक विटेसारखं एकजीव. उन्हात टाकणं हा पहिला आणि चुकीचा उपाय, कारण पुठ्ठा वाकडा होतो आणि आतली ओल तशीच राहते. सावलीत, पंख्याखाली, दर पंधरा-वीस पानांनंतर कोरा कागद घालून आणि तो बदलत राहून वाळवावं लागतं. मोठा साठा असला तर शून्याखाली गोठवून वेळ मिळवतात. सांगलीत बेदाण्याची कोल्ड स्टोरेज भरपूर, पण ती शून्याच्या वर चार-पाच अंशांवर चालतात. तिथे बुरशी मंदावते, थांबत नाही.

म्हणूनच जुनी पुस्तकं घेताना आधी खालची कड बघावी. पानांवर तपकिरी नागमोडी रेघ, गंजलेली टाचणी, बंद केलं तरी मधे फुगलेलं पुस्तक ही पुराची खूण. डाग चालतो, कुबट वास आणि बोटाला लागणारी पांढरी भुकटी चालत नाही, ती घरच्या कपाटात पसरते.

विश्रामबागचा भाग उंचावर. १९१९ चं विलिंग्डन कॉलेज या बाजूला, पुढे क्लास आणि वसाहती वाढल्या, आणि बसायच्या जागाही इकडेच आल्या. त्यातही कॉफी उशिराच. गावभागात चहाचं राज्य. कॉफी म्हणजे लग्नातली फेसाळ, इन्स्टंट. यामागे धोरणही होतं. १९४२ च्या कायद्याने बागायतदाराला कॉफी बोर्डाच्या साठ्यातच माल द्यावा लागे. ते बंधन १९९२ पासून सैल होत १९९६ पर्यंत सुटलं, आणि त्याच वर्षी बंगळुरात कॅफे कॉफी डेचं पहिलं दुकान निघालं. आपल्याकडच्या कॅफेंची लाट त्यानंतरची.

यंत्राच्या कपापेक्षा उडुपी पद्धतीची फिल्टर कॉफी मिळाली तर ती घ्यावी. पुस्तकाच्या चार पानांना ती पुरते. घरी करायची तर फिल्टरच्या वरच्या भांड्यात २० ग्रॅम पावडर, तिच्यावर दाबायची चकती, वरून १०० ते १२० मिली पाणी, उकळी बसल्यावर अर्ध्या मिनिटाने ओतलेलं. डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा घट्ट अर्क, खाली उतरायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पाच मिनिटांत उतरलं तर पावडर जाड किंवा चकती हलकी दाबलेली. तासभर थेंब पडेना तर फार दाबलेली. पाकिटावर चिकोरीचं, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या भाजलेल्या मुळाच्या पुडीचं, प्रमाण छापलेलं असतं. मिश्रणात कॉफी किमान ५१ टक्के हवी असा नियम आहे, म्हणजे स्वस्त पाकिटात जवळजवळ निम्मी चिकोरी असू शकते. रंग गडद, चव कडवट-गोड आणि कॉफीचा वास मात्र पुसट, अशी कॉफी लागली तर ती चिकोरी समजावी. कॉफी आणि चिकोरी ७०:३० किंवा ८०:२० असलेली मागून घ्यावी.