शेअर बाजाराच्या भावमाहितीचा संस्थाव्यापी परवाना

शेअर बाजारात क्षणोक्षणी होणारे सौदे, लागलेल्या बोली आणि त्यांमागची संख्या ही माहिती दलाल, बँका, वृत्तवाहिन्या किंवा सॉफ्टवेअर कंपन्यांना शुल्क घेऊन वापरू देण्याचा करार म्हणजे भावमाहितीचा परवाना होय. हे शुल्क प्रत्येक वापरकर्त्यामागे न मोजता अख्ख्या संस्थेसाठी एकरकमी आकारले, की त्याला संस्थाव्यापी परवाना म्हणतात. व्यवहारात ‘एंटरप्राइज लायसन्स’ हाच शब्द चालतो.

भावमाहिती एकाच प्रतीची नसते आणि शुल्काची सगळी रचना या प्रतवारीवर उभी आहे. लातूर किंवा नांदेडच्या एखाद्या उपदलालाच्या कार्यालयात टर्मिनलवर ‘एफ ६’ ही कळ दाबली, की एका शेअरची चौकट उघडते: डावीकडे खरेदीच्या पाच सर्वोत्तम बोली, उजवीकडे विक्रीच्या पाच, प्रत्येकीसमोर शेअरची संख्या, आणि हे आकडे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच बदलतात. ही दुसऱ्या पातळीची माहिती झाली. पहिल्या पातळीत शेवटचा भाव आणि दोन्ही बाजूंची एकेक बोली एवढेच असते, तिसरीत वीस-वीस बोलींपर्यंतची खोली दिसते, आणि त्याही पलीकडच्या ‘टिक बाय टिक’ प्रवाहात प्रत्येक ऑर्डर येताना, बदलताना व रद्द होताना नोंदली जाते. काही मिनिटे उशिराने मिळणारी माहिती स्वस्त पडते. दिवसअखेरची ‘भावकॉपी’ तर संकेतस्थळावरून कोणालाही विनामूल्य उतरवून घेता येते. या इंग्रजाळलेल्या क्षेत्रात आपला ‘भाव’ हा शब्द त्या नावात अजून टिकून आहे.

परवान्याचे शुल्क साधारणपणे अनेक अंगांनी आकारले जाते. प्रवाह जोडून घेण्याचे एक, तो पुढे इतरांना पुरवण्याचे दुसरे, पाहणाऱ्या प्रत्येक माणसामागचे तिसरे, आणि माणसाने न पाहता संगणकाच्या आज्ञावलीनेच भाव वाचून सौदे टाकण्याचे चौथे. अमेरिकेत वापरकर्ता व्यावसायिक आहे की घरगुती गुंतवणूकदार, यावरही दर बदलतो आणि त्यांतील तफावत मोठी असते. माणसे मोजण्याचे हे काम किचकट असते. दरमहा किती जणांनी पडदा उघडला, एकच माणूस दोन यंत्रांवर बसला तर तो एक धरायचा की दोन, नोकरी सोडून गेलेल्याचे खाते कधी बंद केले, याचा हिशेब ठेवावा लागतो. बाजाराला तो तपासण्याचा हक्क करारानेच असतो, आणि चूक निघाली तर मागील थकबाकी भरावी लागते.

संस्थाव्यापी परवाना या मोजणीतून सुटका करतो. समजा, माणशी शंभर रुपये दर आहे आणि एकरकमी परवाना दीड लाखाचा आहे. दीड हजार वापरकर्त्यांपर्यंत मोजून पैसे देणे परवडते. त्यापुढे वाढणारा प्रत्येक ग्राहक दलालाला शुल्काच्या दृष्टीने फुकट पडतो. (आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.) म्हणूनच ही पद्धत मोठ्या संस्थेच्या बाजूने झुकलेली आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. लाखो ग्राहक असलेल्या दलालाला माणशी खर्च नगण्य येतो. पाचशे ग्राहकांसाठी ॲप काढू पाहणाऱ्या छत्रपती संभाजीनगरच्या नव्या उद्योजकाला मात्र तीच रक्कम डोईजड होते.

भाव हा हजारो लोकांच्या देवघेवीतून ठरतो; मग त्यावर मालकी कोणाची? या प्रश्नावरचा गाजलेला निकाल शेअरचा नसून धान्याचा आहे. शिकागोच्या धान्य बाजाराने टिपलेले भाव वापरून काही पेढ्या प्रत्यक्ष सौदा न करता केवळ भावाच्या चढउतारावर पैजा घेत. आपल्याकडे ज्याला ‘डब्बा’ म्हणतात तोच हा धंदा. १९०५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, न्या. होम्स यांच्या निकालपत्रातून, भावांचे हे संकलन व्यापारी गुपितासारखे संरक्षणास पात्र असल्याचे आणि कराराने अनेकांना दिल्यामुळे ते सार्वजनिक होत नसल्याचे मान्य केले. भारतातील न्यायालयीन कल वेगळा आहे. क्रिकेटच्या सामन्यातील धावांची ताजी माहिती मोबाइलवर पुरवण्याच्या वादात दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने २०१३ मध्ये तशा माहितीवरील मक्तेदारीचा दावा नाकारला. त्यामुळे नुसत्या आकड्यांबाबत मुख्य भिस्त राहते ती करारावरच.

करारात किती ताकद असते हे फेब्रुवारी २०१८ मध्ये दिसले. भारतीय शेअर बाजारांनी एकत्र येऊन, आपल्या निर्देशांकांवर परदेशात वायदे, म्हणजे पुढच्या तारखेचे सौदे, चालवण्यासाठी भावमाहिती देणे थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. सिंगापूरमध्ये चालणारे निफ्टी या निर्देशांकाचे वायदे वाटाघाटींनंतर ३ जुलै २०२३ पासून ‘गिफ्ट निफ्टी’ या नावाने गुजरातमधील गिफ्ट सिटीत आले. राष्ट्रीय शेअर बाजाराची माहिती विकण्याचे काम ‘एनएसई डेटा अँड ॲनालिटिक्स’ ही उपकंपनी पाहते. भांडवली बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने मे २०२४ च्या परिपत्रकाने आभासी सौद्यांच्या खेळांना ताजे भाव पुरवण्यास मनाई केली आणि गुंतवणूक-शिक्षणासाठी एक दिवस जुने भाव देण्याची मुभा ठेवली. जानेवारी २०२५ मध्ये केवळ शिक्षण देणाऱ्यांवर, लगतच्या तीन महिन्यांतील भाव न वापरण्याचे बंधन घातले. शेअर बाजाराचे वर्ग गावोगावी निघालेल्या मराठवाड्यात शिक्षणाच्या नावाखाली चालणाऱ्या ‘टिप्स’ना आळा घालणारी ही तरतूद आवश्यकच होती.

मराठवाड्याला भावमाहितीचे मोल नवे नाही. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन आणि तुरीचा किमान, कमाल व सर्वसाधारण दर निघाला, की तो तासाभरात मोबाइलवरून तालुक्यांत पोहोचतो आणि खेड्यातला व्यापारी त्यावरून आपला दर बांधतो. त्यासाठी कोणी परवाना घेत नाही, कारण बाजार समित्यांचे दर सरकारी संकेतस्थळांवर खुलेच असतात. वायद्यांचे भाव मात्र एनसीडीईएक्ससारख्या शेतमाल-वायद्यांच्या बाजाराचे, म्हणून परवान्याच्या कक्षेत येणारे. डिसेंबर २०२१ मध्ये सेबीने सोयाबीन, हरभरा यांसह सात शेतमालांचे वायदे थांबवले आणि ती मुदत पुढे वारंवार वाढवली. त्यामुळे सोयाबीन पिकवणाऱ्या या पट्ट्याला पुढच्या महिन्यांच्या भावाचा देशी अंदाज विकतही मिळेनासा झाला. हळद त्या यादीत नव्हती. हिंगोली आणि वसमतच्या आडतीवर ढिगात हात घालून हळकुंड मोडून पाहणारा व्यापारी बोली लावण्यापूर्वी मोबाइलवर हळदीच्या वायद्याचा भाव बघतो. पोते घेऊन आलेल्या शेतकऱ्याच्या हातातही तोच आकडा त्याच क्षणी असतो का, यावर समोरच्या सौद्यातले माप ठरते.