दुभाष्याला थॅलेसेमिया कशाला कळायला हवा?

पेडणे, डिचोली, सत्तरीतून आणि पलीकडच्या दोडामार्ग-सावंतवाडीतून बांबोळीला, गोव्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात, येणारी कितीतरी मंडळी घरी मराठी बोलतात आणि दवाखान्यात मोडक्या हिंदीवर भागवतात. ताप-खोकल्याला तेवढं पुरतं. आनुवंशिक आजाराचं बोलणं निघालं की दुभाषा लागतो, आणि त्याला विषय कळावा लागतो.

आम्ही दुभाषे पुरवतो, आणि हे स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका घरची नवी सून थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची ‘कॅरियर’, म्हणजे वाहक, निघाली. आमच्या माणसाने सांगितलं, ‘रोग हिच्या अंगात आहे, तो हिच्याकडून पुढे जातो.’ आठवड्याभरात तिचं ताट-भांडं वेगळं झालं! वाहक माणूस सहसा ठणठणीत असतो, फार तर रक्त जरा कमी. आणि उष्ट्या-खरकट्यातून थॅलेसेमिया होत नाही. खरं सांगायचं होतं ते एवढंच, की नवराही वाहक आहे का ते बघायला त्याचीही एचबीए२ ही रक्ततपासणी करून घ्या.

दोघंही वाहक असतील तर मूल आजारी असण्याची शक्यता डॉक्टर ‘चारात एक’ म्हणतात. घरचे हिशेब करतात: पहिलं मूल आजारी, म्हणजे पुढची तीन सुटली. म्हणून प्रशिक्षणात आम्ही दोन वाट्या मांडतो, एक आईची, एक बापाची; प्रत्येकीत एक वाटाणा (म्हणजे दोष) आणि एक अळसांदा. डोळे मिटून दोन्हींतून एकेक दाणा उचलायचा, बघायचा, परत टाकायचा. दोन्ही वाटाणे आले तर मूल आजारी. दर गरोदरपणात वाट्या नव्याने भरलेल्या असतात, हे मग वेगळं समजवावं लागत नाही.

नात्यांत मात्र मराठी इंग्रजीच्या पुढे आहे. हिमोफिलिया, म्हणजे रक्त लवकर न थांबण्याचा आजार, सहसा आईकडून मुलाकडे येतो; म्हणून ‘कझिनला हिमोफिलिया’ एवढ्यावर डॉक्टरांचं अडतं. आजारी मुलगा मावशीचा असेल तर दोष आईकडून आलेला असू शकतो. काकाचा असेल, तर तो त्याच्या आईकडचा, तुमच्याकडे यायचं सहसा कारण नाही. दुभाष्याने नातं जसंच्या तसं पोचवायला हवं.

गर्भाच्या गुणसूत्रांच्या रिपोर्टवरून मुलगा की मुलगी ते कळू शकतं. ते सांगायला 1994 च्या कायद्याने बंदी आहे, खुणेनेसुद्धा. कृपया विचारू नका.

दुभाषा ठरवताना विषय आधी कळवा, तयारीला एक दिवस द्या. आणि तपासणीच्या खोलीत ‘तुम्हाला काय वाटतं हो?’ असं त्याला विचारलंत, तर तो तुमचा प्रश्न इंग्रजीत डॉक्टरांनाच विचारेल.