अपडेटनंतर संगणक बिघडला? 'रिस्टोअर' दाबण्याआधी हे वाचा

अपडेटनंतर संगणक नीट चालेना, की बॅकअपची डिस्क जोडायची आणि रिस्टोअर करून टाकायचे, असे बऱ्याच ग्राहकांना वाटते. आमची कळकळीची विनंती आहे की तो उपाय सर्वांत शेवटी करा. पूर्ण रिस्टोअर म्हणजे आजचा संगणक पुसून त्या जागी बॅकअपच्या दिवशीचा संगणक आणून ठेवणे. बॅकअप तीन आठवड्यांपूर्वीचा असेल, तर मधल्या तीन आठवड्यांतले फोटो, पत्रे, हिशेबाची फाइल हे काहीच त्यात नसते. हल्लीच्या बहुतेक संगणकांत एसएसडी (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) असते आणि तिच्यावरून पुसले गेलेले परत मिळवणे सहसा आमच्याही हातात राहत नाही.

म्हणून आधी बिघाड कितपत आहे ते पाहा. संगणक सुरू होतो, पण प्रिंटर चालत नाही, आवाज येत नाही किंवा एखादा प्रोग्राम उघडत नाही, एवढेच असेल तर बॅकअपला हात लावायची गरज नाही. विंडोजमध्ये सेटिंग्जमधल्या 'विंडोज अपडेट'मध्ये जा, 'अपडेट हिस्टरी' उघडा आणि तिथून नुकतेच आलेले अपडेट काढून टाका. दर महिन्याला येणारी बरीचशी अपडेट्स अशी काढता येतात. वर्षाकाठी येणाऱ्या मोठ्या अपडेटसाठी सेटिंग्जच्या 'रिकव्हरी' पानावर 'गो बॅक' असते, पण त्याची मुदत साधारण १० दिवसांचीच. त्यानंतर विंडोज जुन्या आवृत्तीचे 'विंडोज डॉट ओल्ड' हे फोल्डर आपणहून काढून टाकते. जागा मोकळी करण्याच्या नादात ते तुम्ही स्वतः पुसले असेल, तर १० दिवसांच्या आतही मागे जाता येत नाही.

संगणक सुरूच होत नसेल तर

विंडोज सलग दोन-तीनदा सुरू होऊ शकले नाही, की दुरुस्तीचा निळा पडदा बहुधा आपोआप येतो. तिथे 'ट्रबलशूट', मग 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा. 'अनइन्स्टॉल अपडेट्स' इथेही आहे आणि पहिला प्रयत्न तोच करावा. त्यानंतर 'सिस्टीम रिस्टोअर'. नाव सारखे असले तरी हा बॅकअपमधून केलेला रिस्टोअर नव्हे. यात फक्त विंडोजच्या फाइली, ड्रायव्हर (प्रिंटरसारखी उपकरणे चालवणारे छोटे प्रोग्राम) आणि सेटिंग्ज मागच्या तारखेला जातात, तुमची कागदपत्रे जिथल्या तिथे राहतात. त्या तारखेनंतर घातलेले प्रोग्राम मात्र निघून जातात. संगणकावर ही सोय आधीपासून सुरू नसेल, तर मागे जायला तारीखच दिसणार नाही.

याच टप्प्यावर बऱ्याच जणांना बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीची, रिकव्हरी की मागितली जाते आणि ते घाबरतात. ती ४८ अंकी असते. विंडोज ११ च्या अनेक लॅपटॉपवर डिस्कचे एन्क्रिप्शन, म्हणजे हेच कुलूप, पहिल्या दिवसापासून चालू असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. संगणकावर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करत असाल, तर की बहुधा त्याच खात्यात साठवलेली असते. फोनवरून किंवा दुसऱ्या संगणकावरून त्या खात्यात जा. एकापेक्षा जास्त की दिसल्या, तर पडद्यावरच्या 'की आयडी'ची पहिली ८ अक्षरे जुळवून पाहा. या कीशिवाय डिस्क कोणालाच वाचता येत नाही, आम्हालाही नाही. संगणक आज व्यवस्थित चालत असेल, तर ही की आजच कागदावर उतरवून ठेवा.

रिस्टोअरच करायचा असेल, तर आधी नव्या फाइली बाहेर काढा

विंडोज सुरू होत नसतानाही हे जमते. 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधला 'कमांड प्रॉम्प्ट' उघडा, 'नोटपॅड' हा शब्द इंग्रजीत टाइप करून एंटर दाबा. नोटपॅड उघडले की 'फाइल' मेनूतून 'ओपन' निवडा आणि खाली 'टेक्स्ट डॉक्युमेंट्स'च्या जागी 'ऑल फाइल्स' करा. या छोट्या चौकटीत संगणकातले सगळे फोल्डर दिसतात. 'युजर्स'मध्ये आपल्या नावाचे फोल्डर शोधा, हव्या त्या फोल्डरवर राइट क्लिक करून 'कॉपी' करा आणि दुसऱ्या यूएसबी डिस्कवर 'पेस्ट' करा. दोन गोष्टी ध्यानात असू द्या. या पडद्यावर ड्राइव्हची अक्षरे बदललेली असू शकतात, त्यामुळे नेहमीचा सी ड्राइव्ह 'डी' किंवा 'ई' म्हणून दिसला तर गोंधळू नका. आणि कॉपी चालू असताना प्रगतीची पट्टी दिसत नाही, चौकट गोठल्यासारखी वाटते. फोटो भरपूर असतील तर बराच वेळ जातो. संगणक अडकला असे समजून बंद करू नका.

ही कॉपी बॅकअपच्याच डिस्कवर नको, वेगळ्या डिस्कवर घ्या. चांगला बॅकअप एकच असेल, तर गडबडीच्या वेळी त्यावर काहीही लिहू नये, असे आमचे ठाम मत आहे.

आता पूर्ण रिस्टोअर. विंडोजने बनवलेली सिस्टीम इमेज (संगणकाची अख्खी प्रत) 'विंडोजइमेजबॅकअप' नावाच्या फोल्डरमध्ये असते. नीटनेटकेपणासाठी कोणी त्याचे नाव बदलतो, कोणी ते दुसऱ्या फोल्डरच्या आत सरकवतो, आणि मग 'सिस्टीम इमेज रिकव्हरी'ला बॅकअप सापडतच नाही. ते फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर, मूळ नावानेच असले पाहिजे. डिस्क बदलली असेल, तर नवी डिस्क जुन्याइतकी किंवा तिच्याहून मोठी हवी. जुन्या डिस्कवर जागा कितीही रिकामी असली तरी लहान डिस्क चालत नाही. दुरुस्तीचा पडदाही येत नसेल, तर दुसऱ्या संगणकावर विंडोज इन्स्टॉल करण्याचा पेनड्राइव्ह तयार करावा लागतो. त्याला किमान ८ जीबी जागा लागते आणि त्यावर आधी असलेले सगळे पुसले जाते.

मॅक वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: टाइम मशीन ही मॅकमधली बॅकअपची सोय गेल्या २४ तासांचे तासातासाचे, महिन्याभराचे रोजचे आणि त्याआधीचे आठवड्याचे बॅकअप ठेवते. डिस्क भरली की सर्वांत जुने काढते. हल्लीच्या मॅकवर आधी मॅकओएस पुन्हा इन्स्टॉल करायचे आणि मग 'मायग्रेशन असिस्टंट'ने बॅकअपमधला आपला मजकूर आणायचा, हा नेहमीचा मार्ग.

कधी कधी संगणक ठणठणीत असतो आणि फक्त फाइली गायब होतात. विंडोज १० च्या ऑक्टोबर २०१८ मधल्या मोठ्या अपडेटने काही जणांच्या 'डॉक्युमेंट्स'मधल्या फाइली पुसल्या होत्या. ज्यांनी ते फोल्डर दुसरीकडे हलवले होते, पण काही फाइली जुन्याच जागी राहिल्या होत्या, त्यांना याचा फटका बसला. मायक्रोसॉफ्टने ते अपडेट काही दिवसांतच थांबवले आणि दुरुस्ती करून १३ नोव्हेंबरला पुन्हा दिले. अशा वेळी पूर्ण रिस्टोअर करू नका. बॅकअपमधून तेवढेच फोल्डर उचलून आणा. फाइली फक्त वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठवणीत) असतील, तर त्याला बॅकअप समजू नका. तिथे संगणकाशी जुळवणी होत असते, त्यामुळे इकडे पुसलेले तिकडेही पुसले जाते. मात्र लगेच लक्षात आले, तर तिथला रिसायकल बिन जरूर पाहा.

रिस्टोअर झाल्यावर इंटरनेट जोडण्याची घाई नको. जोडताच विंडोज तेच अपडेट पुन्हा उतरवायला घेऊ शकते. जोडल्यावर पहिले काम म्हणजे सेटिंग्जमधून अपडेट्स काही आठवडे थांबवणे. या काळात ग्राफिक्सचा आणि प्रिंटरचा ड्रायव्हर संगणकाच्या किंवा प्रिंटरच्या कंपनीच्या साइटवरून घ्या. पण अपडेट कायमचे बंद ठेवू नका, सुरक्षेच्या दुरुस्त्या त्यातूनच येतात. मग वेगळ्या डिस्कवर काढलेल्या फाइली परत आणा, चार-दोन उघडून पाहा, आणि ती डिस्क निदान महिनाभर तशीच ठेवा.

यातले काही स्वतः करावेसे वाटले नाही, तर संगणक आहे त्या स्थितीत बंद करून आमच्याकडे आणा. सोबत बॅकअपची डिस्क, चार्जर आणि रिकव्हरी की हवी. बिघाडानंतर काय काय करून पाहिले, ते एका कागदावर क्रमाने लिहून आणलेत तर आमचे निम्मे काम होते.