माहिती तंत्रज्ञान सेवा व्यवस्थापन

संगणकयंत्रणेकडे यंत्रसामग्री म्हणून न पाहता वापरणाऱ्याला मिळणारी सेवा म्हणून पाहणारी व्यवस्थापनपद्धती. ईमेल, लॉगिन, वेतनप्रणाली या सेवा; सर्व्हर, डिस्क, केबल ही त्या पुरवण्याची साधने. वापरणाऱ्यांच्या तक्रारी घेणारा सर्व्हिस डेस्क, त्यामागचे तांत्रिक गट आणि फोन उशाशी घेऊन झोपणारे ऑन-कॉल अभियंते या सर्वांच्या कामाची शिस्त या संज्ञेत येते. व्यवहारात ‘आयटीएसएम’ (आयटी सर्व्हिस मॅनेजमेंट) हे आद्याक्षरी रूपच अधिक रूढ आहे.

उगम : या पद्धतीचा उगम सामान्यतः ब्रिटनमध्ये मानला जातो. प्रत्येक शासकीय खाते आपले संगणककेंद्र आपल्या रीतीने चालवत असल्याने कामात एकवाक्यता नव्हती. ती आणण्यासाठी सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी या ब्रिटिश शासकीय संस्थेने १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात मार्गदर्शक पुस्तिका तयार करण्यास सुरुवात केली. १९८९ पासून त्या प्रसिद्ध होऊ लागल्या आणि १९९६ पर्यंत त्यांची संख्या तिसाच्या वर गेली. ‘आयटिल’, म्हणजे इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी इन्फ्रास्ट्रक्चर लायब्ररी, ती हीच. दुसऱ्या मतानुसार श्रेय आयबीएमकडे जाते. या कंपनीने १९८० च्या सुमारास माहितीव्यवसायाच्या व्यवस्थापनावर ग्रंथ प्रसिद्ध केले होते आणि प्रक्रियांची पुढे रूढ झालेली विभागणी बऱ्याच अंशी त्यांत आढळते. दोन्ही मतांत तथ्य असले, तरी आराखडा आयबीएमच्या परंपरेतला आणि कोणत्याही एका विक्रेत्याशी न बांधलेले सार्वजनिक संकलन ब्रिटिशांचे, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते. नावातला ‘लायब्ररी’ हा शब्दही नव्या शोधापेक्षा संग्रहच सुचवतो. आयटिलमधील सततच्या सुधारणेचे ‘योजना–कृती–तपासणी–दुरुस्ती’ हे चक्र गुणवत्तातज्ज्ञ डेमिंग यांच्या नावावर सांगितले जाते. स्वतः डेमिंग मात्र ते संख्याशास्त्रज्ञ शूहार्ट यांचे मानत आणि ‘तपासणी’ऐवजी ‘अभ्यास’ हा शब्द पसंत करत.

दुसऱ्या आवृत्तीत (सुमारे २०००) पुस्तिकांचा पसारा आवरला गेला. २००७ मध्ये सेवेच्या जीवनचक्रावर बेतलेले पाच खंड आले. २०११ च्या सुधारित आवृत्तीत २६ प्रक्रिया होत्या. २०१९ च्या चौथ्या आवृत्तीत ३४ ‘प्रॅक्टिसेस’ आहेत. ‘प्रक्रिया’ हा शब्द मागे पडला, कारण कागदावरच्या पायऱ्यांबरोबर माणसे, साधने आणि पुरवठादारही त्यात धरावेत असा आग्रह होता. आयटिलचे हक्क २०१३ मध्ये ब्रिटिश शासन व कॅपिटा ही खासगी कंपनी यांच्या ॲक्सेलॉस या संयुक्त कंपनीकडे गेले. २०२१ मध्ये ॲक्सेलॉस पीपलसर्ट या परीक्षा व प्रमाणपत्रे देणाऱ्या कंपनीने घेतली. याला समांतर बीएस १५००० हे ब्रिटिश मानक (२०००) आणि त्यावरून आयएसओ/आयईसी २०००० हे आंतरराष्ट्रीय मानक (२००५, सुधारणा २०११, २०१८) आले. आयटिलचे प्रमाणपत्र व्यक्तीला मिळते, आयएसओचे संस्थेला. निविदांमध्ये ही गल्लत वारंवार आढळते.

इन्सिडेंट आणि प्रॉब्लेम : बोलण्यात हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात, शास्त्रात ते वेगळे आहेत आणि बाकीची बरीचशी शिस्त याच भेदावर उभी आहे. सेवेत अनपेक्षित आलेला खंड म्हणजे इन्सिडेंट. एका किंवा अनेक इन्सिडेंटांमागचे कारण म्हणजे प्रॉब्लेम. समजा, दर महिनाअखेरीस वेतनप्रणाली अडकते. एल-वनचा, म्हणजे मदतीच्या पहिल्या पातळीवरचा, माणूस सर्व्हर रीस्टार्ट करतो, दहा मिनिटांत सेवा सुरू होते, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद. अहवालात कामगिरी उत्तम दिसते. प्रत्यक्षात यंत्रणेच्या कामाची नोंद ठेवणाऱ्या लॉग फाइल्स डिस्क भरून टाकत असतात आणि रीस्टार्टच्या वेळी तात्पुरत्या फाइल्स पुसल्या गेल्याने थोडी जागा होते, इतकेच. इन्सिडेंट हाताळणाऱ्याचे काम सेवा लवकर पूर्ववत करणे हे असल्याने त्याचे काहीच चुकलेले नसते. चूक ही, की अशी अनेक तिकिटे एकत्र बांधून प्रॉब्लेमची वेगळी नोंद कोणी उघडली नाही. कारण सापडूनही दुरुस्ती व्हायची असेल, तर त्याला ‘नोन एरर’ म्हणतात आणि तात्पुरता उपाय ज्ञानसंग्रहात नोंदवतात, म्हणजे रात्रपाळीच्या माणसाला तो नव्याने शोधावा लागत नाही. तिकिटाचे प्राधान्य परिणामाची व्याप्ती आणि निकड या दोन्हींवरून ठरवावे असा संकेत आहे. तक्रार करणाऱ्याच्या हुद्द्यावरून ते ठरणे हा रोजचा अपवाद.

बदलांचे व्यवस्थापन : बदलांचे स्टँडर्ड, नॉर्मल व इमर्जन्सी असे तीन प्रकार करतात. ठरलेल्या, कमी जोखमीच्या म्हणजे स्टँडर्ड बदलांना आगाऊ मंजुरी असते. उरलेल्यांसाठी जोखीम, वेळ आणि बदल मागे घेण्याची योजना तपासली जाते. प्रत्येक बदल मंजुरीसाठी साप्ताहिक मंडळापुढे नेण्याची प्रथा आता मागे पडत आहे.

सेवापातळी करार : सेवा किती चांगली मिळेल, याचा पुरवणारा व वापरणारा यांच्यातील करार; ‘एसएलए’ या नावाने परिचित. उपलब्धता टक्क्यांत लिहिण्याची रीत आहे, पण टक्का फसवा असतो. ९९.९ टक्के म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटांचा बंद; ९९.९९ टक्के म्हणजे जेमतेम सव्वाचार मिनिटे, जी अभियंता जागा होऊन लॅपटॉप उघडेपर्यंतच संपतात. शिवाय ४३ मिनिटांचा बंद पहाटे तीनला झाला की पगाराच्या दिवशी, हे त्या आकड्यात दिसत नाही. सर्व निकष पाळले गेले आणि वापरणारे मात्र त्रासलेले, अशा अहवालाला या क्षेत्रात ‘कलिंगड’ म्हणतात : बाहेरून हिरवा, आतून लाल. बिघाड निस्तरायला लागणारा सरासरी वेळ सांगणाऱ्या ‘एमटीटीआर’ (मीन टाइम टू ...) या मापातही संदिग्धता आहे. शेवटच्या ‘आर’चा अर्थ कोणी दुरुस्ती, तर कोणी सेवा पूर्ववत होणे असा घेतो, करारात व्याख्या नसेल तर दोन संघांची तुलना निरर्थक ठरते.

मनुष्यबळ : डेस्कवर किती माणसे हवीत, याचे गणित डॅनिश गणिती ए. के. एर्लांग (१८७८–१९२९) यांनी कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीत असताना मांडले. त्यांचा महत्त्वाचा निबंध १९१७ चा. तासाला ३० फोन आणि प्रत्येकी सरासरी १० मिनिटे धरल्यास काम पाच माणसांचे होते. पण नेमकी पाचच माणसे बसवली तर रांग वाढतच जाते, कारण फोन समान अंतराने येत नाहीत आणि रिकामा गेलेला क्षण पुढे वापरता येत नाही. सहा माणसे असतील तर सरासरी प्रतीक्षा सुमारे ६ मिनिटे, सात असतील तर सुमारे १०० सेकंद, आठ असतील तर अर्ध्या मिनिटाच्या आसपास. म्हणजे थोडा रिकामा वेळ ही उधळपट्टी नव्हे, प्रतीक्षा कमी ठेवण्याची ती किंमत आहे. कंटाळून फोन ठेवणारे या सूत्रात धरलेले नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षातली रांग थोडी लहान दिसते.

अलीकडचे प्रवाह : गूगलमध्ये २००३ पासून घडत गेलेल्या ‘साइट रिलायबिलिटी इंजिनिअरिंग’ने ‘एरर बजेट’ ही कल्पना आणली : मान्य केलेला बंद हा खर्च करण्याचा निधी समजायचा आणि तो संपला की नवे बदल थांबवून स्थैर्यावर काम करायचे. तिथे हाताने करायच्या पुनरावृत्तीच्या कामावर अभियंत्याच्या वेळेच्या ५० टक्क्यांची मर्यादा ठेवली आहे. मोठ्या बिघाडानंतर दोषी न शोधता घटनाक्रम लिहिण्याची रीतही याच प्रवाहाने दृढ केली. ज्याच्या हातून चुकीची आज्ञा गेली त्याला शिक्षेची भीती असेल, तर टाइमलाइनमधली नेमकी तीच ओळ गहाळ होते. सॉफ्टवेअर लिहिणारे आणि ते चालवणारे यांनी एकत्र काम करावे असे सांगणारी डेव्हऑप्स ही चळवळ २००९ मध्ये बेल्जियममधील गेंट येथील परिषदेपासून त्या नावाने ओळखली जाते. आयटिलच्या चौथ्या आवृत्तीत या दोन्ही प्रवाहांच्या खुणा स्पष्ट दिसतात.