विकत आणलेला पारा आणि दगडातून सुटलेला पारा

नदीकाठी बसलेला माणूस घमेल्यात ओली वाळू घेतो, बाटलीतला थोडा पारा त्यात ओततो आणि उघड्या हातांनी कालवतो. वाळूतले सोन्याचे बारीक कण पारा धरून ठेवतो, बाकीची वाळू धुऊन जाते. उरलेला गोळा फडक्यातून पिळला की जादा पारा गळून येतो, तो पुन्हा बाटलीत. मग तो गोळा विस्तवावर. पारा ३५७ अंश सेल्सिअसला उकळतो आणि सोनं वितळायला हजाराहून जास्त अंश लागतात, म्हणून पारा वाफ होऊन जातो आणि सोनं मागे राहतं. ती वाफ सगळ्यात आधी त्या माणसाच्या छातीत जाते. घरात चुलीवर गोळा तापवला, तर पोरांच्याही.

कोळशावर चालणाऱ्या वीज केंद्रात पारा कोणी आणलेला नसतो. तो कोळशातच असतो, टनामागे साधारण एक दशांश ग्रॅम. आकडा क्षुल्लक वाटतो, पण वर्षाला ३० लाख टन कोळसा जाळणाऱ्या केंद्रात त्याचा हिशेब ३०० किलोंवर जातो. भट्टीत तो सगळा वायू होतो आणि रोखला नाही तर धुराड्यातून बाहेर पडतो.

खाणी आणि वीज केंद्रांच्या पाऱ्यावर नियंत्रण हवं, हे वाक्य आपण एका दमात बोलतो. प्रत्यक्षात ही दोन वेगळी दुखणी आहेत आणि एकाचं औषध दुसऱ्याला लागू पडत नाही. गल्लत होण्याचं कारण समजण्यासारखं आहे, कारण दोघांचा शेवट एकच आहे. पारा कुठूनही पाण्यात उतरो, गाळातले जीवाणू त्याचा मिथाइल पारा हे जास्त विषारी रूप करतात, तो लहान माशातून मोठ्या माशात साठत जातो आणि गर्भातल्या बाळाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. त्यात आकडेही शेजारी-शेजारी छापले जातात. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार २०१५ साली माणसाच्या उद्योगांमुळे सुमारे २,२२० टन पारा हवेत गेला. त्यातला ३८ टक्के लहान प्रमाणावरच्या सोने-खाणकामातून, तर २१ टक्के कारखाने, वीज केंद्रं आणि घरांत जाळलेल्या कोळशातून. एकट्या वीज केंद्रांचा वाटा १३ टक्के.

आता नियमांकडे येऊ. पाऱ्यावरच्या आंतरराष्ट्रीय कराराला मिनामाता या जपानी शहराचं नाव आहे. (मिनामाताची पाऱ्याच्या विषबाधेची शोकांतिका या दोन्हींपैकी कशातूनच घडली नव्हती. तिथे एका रसायन कारखान्याने मिथाइल पारा थेट समुद्रात सोडला होता.) करार २०१३ मध्ये स्वीकारला गेला आणि २०१७ मध्ये लागू झाला. लहान सोने-खाणकामासाठी त्यात सातवं कलम आहे, वीज केंद्रांसाठी आठवं. ही कलमं लागोपाठ वाचली की दोन्हींमागचा विचार किती निराळा आहे ते कळतं.

सातव्या कलमात धुराड्याची मर्यादा नाही. असणार तरी कशी? सत्तरच्या आसपास देशांत एक ते दोन कोटी माणसं हे काम करतात, त्यातली बहुतेक कुठल्याही नोंदीबाहेर. कोणाच्या विस्तवापाशी मोजयंत्र लावायचं? म्हणून करार प्रत्येक संबंधित देशाकडून राष्ट्रीय कृती आराखडा मागतो आणि चार वाईट पद्धती मोडून काढायला सांगतो: खनिज न निवडता सगळ्याच दगडाच्या भुकटीत पारा मिसळणं, पारा-सोन्याचा गोळा उघड्यावर जाळणं, तो वस्तीत जाळणं, आणि पारा आधी न काढता त्याच गाळावर सोनं विरघळवणारं सायनाइड वापरणं. माझ्या मते यातली पहिली पद्धत सगळ्यात घातक, कारण तिच्यात सोन्याच्या कित्येक पट पारा लागतो आणि त्यातला बराचसा गाळाबरोबर सरळ नदीत जातो. आधी पाण्याच्या जोरावर जड कण वेगळे केले, तर पारा फार थोडा लागतो, काही ठिकाणी लागतही नाही. गोळा बंद भांड्यात तापवून वाफ नळीने थंड केली, तर बहुतांश पारा परत मिळतो. हे भांडं साधं असतं, गावातला लोहारही करू शकेल.

इथे खरी चावी आहे ती पाऱ्याच्या बाटलीची. पारा विकत आणला जातो, म्हणजे तो कुठून तरी येतो. करारात पाऱ्याच्या आयात-निर्यातीसाठी आयात करणाऱ्या देशाची लेखी संमती लागते ती यासाठीच. पण व्यापारात पाऱ्याची ठरीव बाटली साडेचौतीस किलोंची आणि ती जेमतेम अडीच लिटरची. इतकी लहान वस्तू सीमेवरून लपवून नेणं अवघड नाही. त्यामुळे नुसत्या बंदीवर माझा विश्वास नाही. पेरूने २०१९ साली माद्रे दे दिओस भागातल्या ला पाम्पा इथे मोठी फौज घालून बेकायदा खाणकाम उठवलं. तिथलं काम थांबलं खरं, पण खोदणारे जंगलाच्या दुसऱ्या भागांत सरकले. ज्याच्या घरात त्या दिवसाच्या सोन्यावर रात्रीचं जेवण शिजतं, त्याला परवाना, पर्यायी पद्धत आणि सरळ खरेदीदार मिळाला नाही, तर तो बाटली सोडणार नाही.

वीज केंद्राचं उलट. तिथे पत्ता माहीत, मालक माहीत, धुराडं एकाच जागी उभं. मर्यादा लिहिता येते, मोजता येते, दंड करता येतो. अडचण तंत्राची असते. धुरातला पारा तीन रूपांत असतो. राखेच्या कणांना चिकटलेला पारा धूळ पकडणारी यंत्रणा अडवते. ऑक्सिडीभूत, म्हणजे रासायनिक संयुगात बांधला गेलेला पारा पाण्यात विरघळतो, म्हणून गंधक धुऊन काढणारी यंत्रणा त्यालाही धरते. शुद्ध धातुरूप वाफ मात्र दोन्हींतून निसटते. तिच्यासाठी धुरात सक्रिय कार्बनची पूड फवारतात किंवा ब्रोमिन वापरून तिला पकडता येईल अशा रूपात आणतात. करार नव्या केंद्रांना पाच वर्षांच्या आत उपलब्ध सर्वोत्तम तंत्र बंधनकारक करतो, जुन्यांना दहा वर्षं देतो आणि वर पाच पर्यायांतून निवड. ही सवलत मला फार सैल वाटते.

अमेरिकेत याच मुद्द्यावर एक महत्त्वाचा वाद झाला. २००५ च्या नियमाने वीज केंद्रांना पारा सोडण्याचे हक्क आपसात विकण्याची मुभा दिली होती. गंधकासाठी ही युक्ती चालली होती. पण ऑक्सिडीभूत पारा धुराड्याच्या आसपासच खाली उतरतो. एका केंद्राने दुसऱ्याचे हक्क विकत घेऊन धूर चालू ठेवला, तर देशाची बेरीज जुळते आणि शेजारच्या तळ्यातले मासे विषारी होत राहतात. २००८ मध्ये न्यायालयाने तो नियम रद्द केला, कायद्याची ठरलेली वाट सोडून वीज केंद्रांना विषारी प्रदूषणाच्या कडक नियमांच्या यादीतून वगळलं म्हणून. २०१२ मध्ये प्रत्येक केंद्रावर थेट मर्यादा आली आणि २०१० ते २०१७ या काळात वीज केंद्रांतून सुटणारा पारा ८६ टक्क्यांनी घटला. काही केंद्रं बंद पडली, हाही त्याचा एक भाग.

मग मोठी यांत्रिक सोन्याची खाण कुठे मोडते? बहुतेक जण तिला नदीकाठच्या माणसाच्या रांगेत बसवतात, आणि नेमकी इथेच चूक होते. अशा खाणीत सोनं सायनाइडने काढतात, पारा कोणी विकत आणत नाही. पण अमेरिकेतल्या नेवाडासारख्या भागात सोन्याच्या दगडातच पारा असतो आणि दगड भाजताना तो सुटतो. म्हणजे ही खाण वीज केंद्राची सख्खी बहीण. करारानेही औद्योगिक सोन्याचं भाजणं आणि वितळवणं आठव्या कलमाच्या यादीत, वीज केंद्रांशेजारी ठेवलं आहे. अमेरिकेने २०१० साली अशा खाणींच्या भट्ट्यांवर मर्यादा घातल्या. म्हणून ‘खाण की वीज केंद्र’ हा प्रश्न बाजूला ठेवून विचारावं, पारा आणलेला आहे की दगडात होताच?

या दोन वाटा एका ठिकाणी मिळतात. भट्टीवर पकडलेला पारा नाहीसा होत नाही. नेवाडाच्या खाणींत तो द्रवरूपात गोळा होतो आणि पूर्वी तो विक्रीला जाई. जगाच्या बाजारात आलेला पारा अखेर नदीकाठच्या बाटलीत पोहोचू शकतो. युरोपीय संघाने २०११ पासून आणि अमेरिकेने २०१३ पासून निर्यात थांबवली ती ही साखळी तोडण्यासाठी. त्यानंतर मेक्सिकोच्या केरेतारो राज्यात आणि इंडोनेशियाच्या सेराम बेटावर हिंगूळ, म्हणजे पाऱ्याचं खनिज, खणून पारा काढण्याचा धंदा वाढला. अमेरिकेच्या कायद्याने पकडलेला पारा कायमचा ठेवायला सरकारी जागा २०१३ पर्यंत सुरू करायला सांगितलं होतं. ती वेळेत झाली नाही, आणि पारा खाणींच्याच आवारात साठत राहिला.