औषधी अळंबी-अर्क (बेळगाव सीमाभाग)

अळंबीच्या फळापासून (वर दिसणाऱ्या छत्रीपासून) किंवा तंतुजालापासून (आतल्या धाग्यांच्या जाळ्यापासून) पाणी अथवा मद्यार्काच्या साहाय्याने काढलेले, आटवून वा वाळवून पूरक आहारात वापरले जाणारे अर्क. बेळगाव, खानापूर, निपाणी व लगतच्या मराठी भाषकांत अळंबी, भूछत्र आणि (न खाण्याजोगीसाठी) कुत्र्याची छत्री ही नावे चालतात. गोव्याकडे अळमी, कन्नडमध्ये अणबे. पावसाळ्यात वारुळावर उगवणाऱ्या अळंबीची भाजी सर्वपरिचित असल्याने तिचा विचार येथे केलेला नाही. अर्काला लागणारी जात बहुधा निराळी, लाकडावर वाढणारी व चिवट असते.

संस्कृत ग्रंथांतील उल्लेख परस्परविरोधी आहेत. मनुस्मृतीत (अध्याय ५) लसूण व कांद्याबरोबर कवकही (अळंबी) द्विजांना वर्ज्य ठरवले आहे. चरकसंहितेत सर्पच्छत्रक वगळून इतर छत्रजाती मधुर, शीत, पचायला जड व पडसे आणणाऱ्या म्हटल्या आहेत. सुश्रुतसंहितेत उद्भिदांची (येथे अळंब्यांची) वर्गवारी ती कशावर उगवतात यावरून केली आहे : पेंढा, ऊस, शेणी, बांबू व जमीन. यांपैकी पेंढा आणि उसाची चिपाडे हीच आज धिंगरी (ऑयस्टर) अळंबीच्या लागवडीची माध्यमे आहेत. मात्र तेवढ्यावरून प्राचीन काळी लागवड होत होती असे अनुमान काढणे धाडसाचे होईल. ग्रंथकाराचा रोख आहारगुणांवर आहे. आजच्या अर्कांना ‘आयुर्वेदिक परंपरा’ जोडली जाते, तिला या वचनांचा आधार तोकडाच पडतो.

लोकवैद्यकातील खरा दुवा आहे तो फणसाळंब्याचा. जुन्या फणसाच्या खोडावर घोड्याच्या खुरासारखे, वरून काळपट भेगाळलेले व आतून तपकिरी असे हे कठीण कवक वाढते. ते पाण्यात उगाळून तोंड आल्यास, हिरड्यांच्या दुखण्यावर व लाळ गळण्यावर लेप लावतात, हगवणीवर पोटातही देतात. पश्चिम घाटाच्या दोन्ही उतारांवर हे ज्ञात आहे. खानापूर तालुक्याचा जांबोटी-कणकुंबीकडचा पट्टा त्यातच मोडतो. त्याची जात कोणती, याविषयी मात्र एकमत नाही. केरळातील फणसावरच्या नमुन्यांवर झालेल्या संशोधनात फेलिनस रायमोसस हे नाव आहे. पश्चिम घाटाविषयीच्या अन्य लेखनात फेलिनस मेरिल्लाय, फेलिनस बॅडियस ही नावेही येतात. त्यातच फेलिनस या प्रजातीची फोड होऊन रायमोसस ही जात काही वर्गीकरणकार फुल्विफोम्स या प्रजातीत घालतात. गावातले नाव झाडावरून पडले आहे आणि शास्त्रीय नाव छिद्रे, बीजाणू व आता जनुकक्रम यांवरून ठरते. तेव्हा फणसाळंबे ही एक जात नसून फणसावर वाढणाऱ्या अनेक जातींचे सामायिक नाव आहे, हे मत अधिक ग्राह्य वाटते. एका नमुन्यावरचे निष्कर्ष दुसऱ्याला लावताना म्हणूनच जपावे लागते.

रीशी या लाकडावर वाढणाऱ्या, अर्कासाठी वापरल्या जाणाऱ्या अळंबीबाबतही नावांचा असाच घोळ आहे. गॅनोडर्मा ल्युसिडम या नावातील ल्युसिडम हे जातिनाव १७८१ मध्ये इंग्लंडमधील नमुन्यावरून दिले गेले. पूर्व आशियातील लागवडीच्या जातीला २०१२ मध्ये गॅनोडर्मा लिंगझी असे वेगळे नाव मिळाले, तेही वादमुक्त नाही. बाजारातल्या वेष्टनांवर जुनेच नाव चालते. कॉर्डिसेप्स या दुसऱ्या औषधी कवकाच्या नावाने विकला जाणारा माल बहुतांशी भातावर वाढवलेला कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस असतो, हिमालयात अळीवर वाढणारी कीडाजडी नव्हे.

अर्क काढण्याचे कारण पेशीभित्तिकेत आहे. ती कायटिनची असल्याने नुसती पूड पोटात नीट विरघळत नाही. बीटा-ग्लुकान ही बहुशर्करा गरम पाण्यात उतरते, म्हणजे हा मुळात काढाच. त्यात मद्यार्क घातला की ती साका होऊन खाली बसते. रीशीतील ट्रायटर्पीने ही कडू संयुगे पाण्यात फारशी उतरत नाहीत, त्यांना मद्यार्क लागतो. म्हणून दोन्ही अर्क वेगवेगळे काढून एकत्र करतात. फवारा-शुष्कनात (अर्क गरम हवेत फवारून पूड करताना) माल्टोडेक्स्ट्रिन ही स्टार्चपासूनची पूड मिसळतात आणि गोम तिथेच आहे. ‘बहुशर्करा ४० टक्के’ या छापील आकड्यात हे माल्टोडेक्स्ट्रिन व, तंतुजाल धान्यावर वाढवले असल्यास, धान्यातील स्टार्चही मोजला जाऊ शकतो. आयोडीनने निळा-काळा रंग आल्यास स्टार्चची शंका घ्यावी. बीटा-ग्लुकान वेगळे मोजायला विकरांवर (एन्झाइमांवर) आधारित चाचणी लागते. वेष्टनावरचे ‘१० : १’ हे गुणोत्तर एका भाग अर्कासाठी किती वजनाचा कच्चा माल लागला एवढेच सांगते. रीशीच्या अर्काला कडवटपणा अजिबात नसेल तर ट्रायटर्पीने कमी असावीत, हा जिभेचा अंदाज.

कच्च्या मालाच्या दृष्टीने बेळगाव जिल्हा ऊस व भाताचा असल्याने चिपाडे आणि पिंजर येथे मुबलक. रीशीसाठी लाकडाचा भुसा व कोंडा पिशव्यांत भरून १२१ अंश सेल्सिअसला निर्जंतुक करतात. रानातून तोडण्याचा मार्ग खानापुरात अडचणीचा आहे, कारण भीमगड अभयारण्यातील वनोपज परवानगीशिवाय काढता येत नाही. शिवाय अळंबी कॅडमियम, शिसे यांसारखे जड धातू शोषून साठवते. रस्त्याकडेच्या वा दूषित जमिनीतील माल त्यामुळे वर्ज्य. जात व धातू या दोन्ही तपासण्या घाऊक मालाच्या प्रत्येक खेपेला कराव्या लागतात. पारंपरिक वैद्यकावर काम करणारी भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची राष्ट्रीय संस्था बेळगावातच आहे.

भारतात असे अर्क अन्नसुरक्षा व मानके कायदा, २००६ व पूरक आहाराविषयीचे २०१६ चे विनियम यांखाली येतात. वेष्टनावर ‘औषधी वापरासाठी नाही’ ही सूचना आवश्यक असून रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. जपानमध्ये मात्र शिताके या खाद्य अळंबीपासूनचे लेंटिनान व ट्रामेटीस या लाकडावरच्या कवकापासूनचे क्रेस्टिन यांना कर्करोगावरील पूरक उपचारात औषध म्हणूनच मान्यता मिळाली होती. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांनी रीशीचा अर्क वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नये.